सानवीला दिलेली कादंबरी

मंगळवार, ४ नोव्हेंबर
वाचनालयात दिवाळीनंतरची गर्दी. माझ्या बालविभागात आज सानवी आलेली. आठवीत आहे. घर मूळ ठाण्याच्या खाडीकाठचं, कोळी. आता आईबाबांबरोबर डोंबिवलीत फ्लॅटवर. म्हणाली, "मॅडम, लहान मुलांचं नको. आणि शेवटी सगळे शहाणे होतात तसलं पण नको."
या वयाला द्यायचं काय, हा रोजचा प्रश्न. एकतर ससे-खारी, नाहीतर एकदम मोठ्यांचं. शेवटी घर सोडून निघालेल्या मुलीची कादंबरी दिली. मला फार आवडलेली. जाड आहे. झेपेल का...

शनिवार, ८ नोव्हेंबर
दुपारी सानवीच्या आईचा फोन. मुलगी शाळेतून घरी आली नाही, क्लासलाही नाही, मोबाइल बंद. "तुम्ही दिलेलं पुस्तक तिच्या टेबलावर आहे. मागे काय लिहिलंय ते वाचलेलं मी. घरातून पळालेली मुलगी. तेरा वर्षांच्या पोरीला हे देतात?"
चपला घालून त्यांच्या घरी गेले. आई सोफ्याच्या कडेला बसलेली, माझ्याकडे बघेना. बाबा पोलीस चौकीत. मी पाणी दिलं, ते तसंच राहिलं.
संध्याकाळी फोन वाजला. ठाण्याच्या आत्याचा. "माझ्याकडं हाय पोर. जेवतेय. वरडू नका तिच्यावर."
आई जमिनीवरच बसली आणि रडली. मीही. तिने माझा हात धरला, मग पुस्तक आठवलं असावं, सोडला.

रविवार, ९ नोव्हेंबर
झोप चांगली लागली, त्याचीच लाज वाटली.
सकाळी माझी घरची प्रत काढून पुन्हा वाचली. पळून जाण्याचं प्रकरण किती छान लिहिलंय. नको तितकं छान. आधी कधी असं वाटलं नव्हतं.
कुलकर्णी सरांचा (आमचे कार्यवाह) फोन. त्यांच्यापर्यंत गेलं सगळं. "ते पुस्तक परत आलं की तूर्त कपाटात ठेवू. सोमवारी, सतराला समितीत बोलू." हो म्हटलं. नाही म्हणायची हिंमत कुठे होती.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
सानवी आईबरोबर आली. आईचा चेहरा ताठ. म्हणाली, "बोल मॅडमशी."
सानवी खाली बघत: "सहामाहीत गणितात नापास झाले. घरी सांगायची भीती वाटली. म्हणून आत्याकडे गेले. आत्या ओरडत नाही."
बसने गेलेली. का, तर लोकलने एकटीने जायचं नाही अशी घरची ताकीद आहे. पळतानाही ताकीद पाळली पोरीने. बस शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकली आणि मोबाइलची बॅटरी संपली, एवढंच.
मी विचारलं, "आणि पुस्तक?"
"ते अर्धंपण नाही झालं. अजून ती मुलगी घरीच आहे." मग एकदम वर बघून, "पळते का ती पुढे? सांगू नका."
मी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे. आधी तीच हसली. छातीवरचं ओझं उतरणं म्हणजे काय ते मला आज कळलं. या वयात.
पुस्तक मात्र आईने सानवीकडून घेतलं. "आधी मी वाचणार."

शनिवार, १५ नोव्हेंबर
कुलकर्णी सरांना सगळं सांगितलं. म्हणाले, पुस्तकामुळे नाही गेली हे बरंच झालं, पण उद्या दुसरी गेली तर? मला म्हणायचं होतं, वाचणाऱ्या पोरांना जपायचं म्हणून सगळी दारं लावून घ्यायची? बोलता आलं नाही नीट. समितीसमोर बोलायला हवं.
सानवी आली. गणिताची शिकवणी लागली म्हणे, आत्याच घेते फोनवरून. आईचं वाचून होईपर्यंत तिला दुसरी कादंबरी दिली, दोन मैत्रिणींच्या भांडणाची. तिने आधी मागचं पान वाचलं. "यात कोणी पळत नाही ना? आई बघेल." दोघी हसलो.
दुपारी तिच्या आईचा फोन. कादंबरी संपत आलीय. काल वाचताना भाजी करपली म्हणे. मी घाबरत विचारलं, कशी वाटली. उलट तिनेच विचारलं, "सोमवारी तुमच्या मीटिंगला आले तर चालेल?"
चालेल म्हटलं. काय बोलणार ते तिने सांगितलं नाही.