यंदा ठेचा नको

ॲन आर्बर, जानेवारी २००४

प्रिय सत्यजित,

आशीर्वाद. इथं गुडघाभर बर्फ आहे, माझे गुडघे जागेवर आहेत, तब्येतीचं एवढंच. आसावरीनं मला टेबलाशी बसवलंय. म्हणाली, आई, तू लिही, तुझं तो ऐकेल. काय लिहायचं तेही तिनंच सांगितलं. मिलिटरी सोड, इकडे ये, संजयचा मित्र व्हिसाचं बघतो म्हणतोय. फोनवर तूच तुझ्या बहिणीला विचारलंस ना, तिकडे आपलं काही जमेल का म्हणून? अमेरिकेला थंड डबा म्हणणारा माणूस हे विचारतो, तेव्हाच मी कान टवकारले.

शनिवारी इथं जेवायला माणसं होती. मुलगा कुठं असतो, एकीनं विचारलं. मी म्हटलं, हा. ती पुढचं ऐकायला थांबून राहिली. मग जावईबापूंनी, म्हणजे संजयनं, सांगितलं की हा हे गावाचं नाव, भूतानातलं, आणि आपल्या सरकारनं तुला तिथल्या आर्मीला शिकवायला पाठवलंय. झालं. एकानं विचारलं, समुद्र तर नाही, मग त्यांची नेव्ही बाथटबात असते का? संजय म्हणाला, यार, अख्खी आर्मी आपल्या फुटबॉल स्टेडियमच्या एका कोपऱ्यात बसेल. सगळे हसले. मी पोळ्या वाढत होते. म्हटलं, "बसेल. डिसेंबरात गेले, तेवढ्यांच्या खुर्च्या रिकाम्या ठेवा." आणि पुढची पोळी वाढली.

डिसेंबरचं मला आसावरीनं कॉम्प्युटरवर वाचून दाखवलं होतं. सीमेपलीकडचे बंडखोर त्यांच्या जंगलात तळ ठोकून बसले होते, त्यांना हाकलायला ती एवढीशी आर्मी गेली. माणसं मेली, लिहिलं होतं. नावं नव्हती. तू फोनवर म्हणालास, आई, मी नुसता शिकवणारा, मी हा सोडून कुठं गेलो नाही. मी विचारलं, आणि तुझा तो भूतानी शिष्य, किनले? म्हणालास, ठीक आहे. पुढच्या फोनला विचारलं. ठीक आहे. त्याच्या पुढच्या फोनला सुट्टीवर गेला.

किनले पुण्याला कोर्सला आलेला, तेव्हा दिवाळीत तू त्याला कऱ्हाडला घेऊन आलास. मी ताटात डाव्या बाजूला चिमूटभर ठेचा वाढला. त्यानं आधी तोच संपवला आणि आणखी भाजी द्या म्हणाला. त्यांच्यात मिरचीचीच भाजी करतात, हे मला आधी सांगायला काय झालं होतं? त्याच्या नादानं तूही वाटीभर खाल्लास आणि ओक्साबोक्शी रडलास. तो आपला मजेत. तुला उस्ताद म्हणायचा, तुमच्यात शिकवणाऱ्याला म्हणतात तसं. पाय पुसून आत ये म्हणून मी ओरडले, तेव्हापासून मी बडे उस्ताद. दर वर्षी त्याच्यासाठी डबा जायचा. एकदा पोस्टात फुटला, सगळ्या टपालाला वास लागला, तरी तू म्हणालास, पाठव.

आणि परवा फोनवर म्हणालास, "आई, यंदा ठेचा नको पाठवू. पोस्टाचा भरवसा नाही."

मी नको तर नको म्हटलं आणि फोन आसावरीला दिला. कळायचं ते कळलं. मेला ह्याचं दुःख आहेच, ते माझं मी बघते. राग दुसराच आहे. तीन-तीन फोन तू त्याला माझ्यासाठी ठीक ठेवलास. मी काय काचेची आहे? आणि मलाच तुझ्याच्यानं सांगवलं नाही, तर त्याच्या आईला तू काय तोंड दाखवलं असशील? तिचं घर हापासून दिवसाच्या वाटेवर, तूच सांगितलेलं. तिच्या हातचं जेवून आलायस तू. गेला नाहीस. गेला असतास तर अमेरिका सुचली नसती.

म्हणून लिहिते, आसावरीनं सांगितलं म्हणून नाही. सोबत डबा आहे. मिरच्या इथल्या मेक्सिकन दुकानातल्या, आपल्याएवढ्या झणझणीत नाहीत, पण चालतील. तिच्या घरी जा. पाय पुसून आत जा. डबा तिच्या हातात दे, तू शिकवलेला मुलगा कसा गेला ते तुझ्या तोंडानं सांग, आणि ती वाढेल ते सगळं खा. डोळ्यांतून पाणी आलं तर मिरचीवर ढकलता येईल. मग इकडे यायचं तर ये. त्याआधी आलास तर घर आसावरीचं असलं तरी दाराशी मी बसलेली असेन.

तुझीच,
बडे उस्ताद