तोंड दिसेल असं पातं

२ फेब्रुवारी, रविवार

आजची सुरमई बाजारातूनच कापून आली. तुकडे एकेक विटेएवढे! मीठ आतपर्यंत शिरलंच नाही. मी गप्प जेवले – म्हणजे माझ्या मानाने गप्प.

नोव्हेंबरात जिन्यावरून पडले, घोटा मोडला. प्लास्टर निघालं, पण डॉक्टर म्हणतात, इतक्यात जमिनीवर बसायचं नाही. आणि खाली बसल्याशिवाय विळी चालवायची कशी? माझ्या लग्नातली विळी, कुडाळहून आलेली. ओट्याखाली पडून पडून तिचं लोखंडी पातं तांबडं झालंय. बघवत नाही.

गंधालीचा बोरिवलीहून फोन. "आई, उभ्याने सुरीने काप ना. ऑनलाइन झकास मिळतात. मागवू?" फोन स्पीकरवर होता. हे खिडकीतूनच म्हणाले, "जयवंताच्या घरात सुरी बाहेरून येणार?"

दिवाळीत साकीनाक्याचा गाळा सोडल्यापासून यांचं हे पहिलं सबंध वाक्य. जन्म गेला स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करण्यात, आणि आता दिवसभर खिडकीत. चहा दिला की चहा. नाही दिला तरी चालतं. मला मोडक्या घोट्यापेक्षा त्याची काळजी जास्त.

४ फेब्रुवारी, मंगळवार

हे डबा घेऊन गेले! दशरथकडे. साकीनाक्याला यांच्या शेजारचा गाळा त्याचा, अजून चालू आहे. तिथल्या मशीनवर सुरी करणार म्हणे.

संध्याकाळी आले ते पॉलिशच्या काळ्या धुळीने माखून. मी दारातच विचारलं, "आज काय झालं?" हे उंबऱ्यात थांबून माझ्याकडे बघतच राहिले. मग स्टील कसं निवडायचं ते सांगत बसले. भाजी करपली. करपू दे.

८ फेब्रुवारी, शनिवार

पहिलं पातं आलं. काय चमक! "बघ गो, तोंड दिसता मां?" दिसत होतं, नाकावरच्या तिळासकट. धन्य वाटलं.

टोमॅटो घेतला. टोमॅटो दबला, चेपला, कापला काही नाही. पुन्हा धार लावली. दोन कांदे कापले, तिसऱ्याला पुन्हा तेच.

दुपारी दशरथ आला होता. त्याने खिशातून लोहचुंबक काढून पात्याला लावला, तो घसरून खाली पडला. "जयवंता, हे भांड्यांचं स्टील. चमकेल जन्मभर, पण पाणी धरणार नाही, म्हणजे धार टिकणार नाही. भट्टीत घालून कडक होणारं पाहिजे." हे डोक्याला हात लावून हसत सुटले. सगळं आयुष्य स्टील चमकतं किती तेच पाहिलं, तर सुरीसाठीही तेच बघून पत्रा उचलला! मलाही हसू आवरेना. दशरथला वाटलं, नवरा-बायको दोघंही गेली कामातून.

त्या पात्याने आता मी कणकेचा गोळा मोडते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काल डॉक्टर म्हणाले, आता हळूहळू पाटावर बसून बघा. यांना सांगितलं नाही. आज हे गेल्यावर दाराला कडी लावली, ओट्याला धरून पाटावर बसले. बसता आलं! विळी पुढ्यात ओढली, पात्याचा गंज घासून काढला, बांगडे घेतले, सरासर सहा बांगडे साफ केले. आनंदाने डोळे भरले, खवल्यांच्या हातांनी पुसताही येईनात.

मग विचार आला. विळी चालू झाली तर सुरी कशाला? सुरी नको तर साकीनाका कशाला? पुन्हा ती खिडकी. मला नको ती खिडकी.

विळी धुऊन, कोरडी करून ओट्याखाली ढकलली. संध्याकाळी यांना सांगितलं, बांगडे बाजारातून साफ करून आणले. हे म्हणाले, "आज बरे कापलेत." मी म्हटलं, "नवीन बाई बसते."

१९ फेब्रुवारी, बुधवार

दुसरं पातं. आधीच्या चुकीचं उट्टं काढायला साच्यांना वापरतात ते महाकडक स्टील आणलं. कापतं तर असं की भोपळाही लोणी. पण पॉलिश? घासून घासून यांचे खांदे दुखले, तरी उजेडात धरलं की संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे. माझं तोंड देवी आल्यासारखं दिसलं. यांना सांगितलं तर म्हणाले, "स्टीलचा दाणा जाड आहे, तुझा दोष नाही."

२० फेब्रुवारी, गुरुवार

रात्री कोकमाचं आगळ लागलेलं पातं तसंच राहिलं. सकाळी त्यावर काळा डाग. हे चिडतील असं वाटलं. उलट शीळ वाजवत गेले. शीळ! मी तर ती लग्नाच्या वर्षानंतर ऐकलीच नव्हती.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

"आज काय झालं?"

बारीक दाण्याचं स्टील मिळालं, दाढीची ब्लेडं ज्या जातीच्या स्टीलची करतात, त्या जातीचं. गंजत नाही, पाणीही धरतं. भट्टीतून परवा येईल. जेवताना हात हवेत फिरवून सगळं दाखवलं. आमटी सांडली.

मी मात्र चोरून विळीवर बसतेच आहे. काल कोळंबी.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

टोक निळं पडलं! भांडं टेकवतात तसं पातं पॉलिशच्या चाकावर दाबून धरलं, तापलं, पाणी उतरलं. सवयीचा हात. उद्या पुन्हा नवीन पातं, आणि दर दोन मिनिटांनी बादलीत बुडवायचं म्हणे. मी म्हटलं, बुडवा, घाई कोणाला आहे?

९ मार्च, रविवार

आली! फणसाच्या लाकडाची मूठ, पातं आरशासारखं नितळ. एक ओरखडा नाही, एक खळगा नाही. मी हात पुढे केला तर हे मागे सरले. सुरी हातात द्यायची नसते, भांडण होतं. ओट्यावर ठेवली, वर म्हणाले, "रुपया टाक." फुकट घेतली तर नातं कापलं जातं. रुपया टाकला. इतक्या वर्षांच्या भांडणांचं काय, ते विचारलं नाही.

उभ्याने सुरमई कापली. पातळ, सारखे तुकडे, काटा सुबक तुटलेला. मीठ आतपर्यंत. गंधाली आली होती, तिने चार खाल्ले आणि म्हणाली, "बाबा, माझ्यासाठी पण ना." हे लगेच लाजल्यासारखे झाले.

सुरी खरंच सुंदर आहे. तरीही विळीची चोरी मनात खुपत राहिली. संसारात एवढंसं लपवणंही जड जातं मला.

१० मार्च, सोमवार

हे सकाळी ओट्याखाली वाकले आणि विळी बाहेर ओढली. म्हणाले, "घोटा मोडल्यापासून तांबडी होती. पहिल्या पात्यानंतरच्या शुक्रवारी बघतो तर लखलखीत. लोखंड वापरल्याशिवाय उजळत नाही गो."

 मी विचारलं, मग पुढची पाती कशाला केलीत?

"सांगितलं असतं तर दारात उभी राहून 'आज काय झालं' विचारायची बंद झाली असतीस. गाळा होता तेव्हा कोणी विचारलं नव्हतं."

डबा भरून दिलाय. गंधालीच्या सुरीसाठी गेलेत. सहा वाजायच्या आधीच दार उघडून ठेवलंय.