दगडावर नसलेलं नाव

६ जानेवारी, मंगळवार
पोपट! चौथीचा अख्खा वर्ग पोपट! सार्थकच्या हातातलं मराठीचं पुस्तक मी उलटं धरलं, तरी गडी खाडखाड वाचतोय. गौतमीची तऱ्हा वेगळी. ती चित्र बघते आणि मनानंच ठोकून देते. बैलाच्या चित्राखाली चार ओळी होत्या. हिनं बैलाचं अख्खं खानदान सांगितलं.

आता पाठ झालेलं काही वाचायला द्यायचं नाही. खरी माहिती द्यायची — किडे, दगड, जुन्या हकिकती. सुदर्शन सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, म्हणाले, बाई, अभ्यासक्रम राहील. राहू दे की! कुठं पळून जातोय?

९ जानेवारी, शुक्रवार
गांडुळावर एक पान लिहिलं, यवतच्या स्टँडजवळ झेरॉक्स काढल्या. 'गांडुळाला डोळे नसतात. ते कातडीनं श्वास घेतं.' अट एकच — वाचलं की विचारायचं, कशावरून? सार्थकनं शाळेमागचा ओला बांध उकरून गांडूळच आणलं. ठेवलं कुठं? माझ्या डब्याशेजारी! पण वाचलं हो. बोट ठेवून, अडखळत, खरंखुरं वाचलं.

गौतमीला सारखं एकच सांगते — आहे तेच वाच. मनाचं घालू नकोस.

१३ जानेवारी, मंगळवार
'कशावरून'ची साथ आलीय वस्तीवर. सार्थकनं स्वतःच्या आजोबांना विचारलं, तुम्ही पैलवान होता, कशावरून? आजोबा काठी घेऊन शाळेत. चहा पाजला तेव्हा शांत झाले. जाताना पुरावा म्हणून कान दाखवला. खरंच मोडलेला!

१९ जानेवारी, सोमवार
आता इतिहास. विषय — आपली शाळा. पुस्तकात नाही, म्हणून पोरांनी वस्तीवर जे लिहिलेलं सापडेल ते वाचायचं आणि २६ तारखेला झेंड्याखाली सांगायचं. गौतमीनं दारातली कोनशिला मागितली. छान म्हटलं. चित्र नाही, ठोकून द्यायला वाव नाही.

दुपारी आली ती तोंड पाडून. कानाशी लागून म्हणाली, "बाई, सोपानआजोबांचं नाव न्हाई त्यात."

आता हे सोपानराव म्हणजे आमच्या कस्तुराबाई मावशींचे मालक. मावशी शाळेत खिचडी शिजवतात. शाळेची जागा सोपानरावांनी फुकट दिलेली. वस्तीवर कुणालाही विचारा. ते गेल्यापासून मावशी रोज चूल पेटवायच्या आधी त्या दगडाला हळदकुंकू वाहतात. "मालकांचं नाव हाय" म्हणतात.

मी जाऊन बघितलं. बबनराव यांच्या शुभहस्ते. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, ठेकेदारसुद्धा! ज्यानं जागा दिली तो तेवढा नाही. सर म्हणाले, उद्घाटनाच्या दिवशी तो माणूस मांडव घालत होता, पाहुण्यांच्या यादीत कसा येणार? आणि नाव नाही हे सगळ्यांना माहीत! एकानं मावशींना सांगितलं नाही. मी तरी इतके दिवस त्या दगडाकडं कधी बघितलं होतं?

२३ जानेवारी, शुक्रवार
मावशींना कळलंय, गौतमी दगड वाचणार. नवं लुगडं नेसून येणार आहेत. प्रमुख पाहुणे कोण? बबनराव! माजी सरपंच आहेत, झेंड्याला दुसरं कोण मिळणार आम्हाला.

गौतमीला म्हटलं, दगड सोड, तू गांडूळ घे. तर म्हणे, "कस्तुराआजी आशेनं येणार, बाई." मला वाईट वाटतंय आणि स्वतःचा रागही येतोय. कशाला शिकवलं वाचायला! त्या बाईकडं मालकांचं एवढं नावच उरलंय, तेही मी चारचौघांत पुसणार. पोरीला खोटं वाच म्हणू का? कुठल्या तोंडानं?

२६ जानेवारी, सोमवार
गौतमी दगडाशेजारी उभी राहिली. बोट ठेवून वाचायला लागली. बबनरावांचं नाव आलं, ते खुर्चीत ताठ झाले. मग सगळ्यात खाली, जिथं नुसता कोरा दगड आहे, तिथं हिनं बोट नेलं आणि खणखणीत आवाजात वाचलं — "जागा देणार, सोपानराव."

माना वळल्या दगडाकडं. सगळ्यांना दिसतंय, तिथं काही नाही. बोलणार कोण? बबनरावांनीच टाळ्या वाजवल्या बिचाऱ्यांनी, मग सगळ्यांनी. मावशींनी पदर डोळ्याला लावला आणि गौतमीला दोन जिलब्या जास्त दिल्या.

मी ढसाढसा रडले. सरांना म्हटलं, डोळ्यात धूळ गेली.

२७ जानेवारी, मंगळवार
गौतमीला बाजूला घेतलं. मनाचं घालायचं नाही, ठरलं होतं ना? खाली मान घालून उभी.

"दगडावर न्हाई, बाई. पण खरं हाय की."

कशावरून, असं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या प्रगतीपुस्तकात 'वाचन उत्तम' लिहिलंय. कुणाला काय म्हणायचंय ते म्हणू दे.

२९ जानेवारी, गुरुवार
आज हात धुवायला स्वयंपाकघरात गेले. मावशी चुलीपुढं बसून पोरांचं नवं पान वाचत होत्या. चष्मा लावून, ओठ हलवत, ओळीमागून ओळ. दारातूनच विचारलं — वाचायला कधीपासून येतं?

लई वर्षं झाली, म्हणाल्या. ह्या खिडकीतनं फळा दिसतो, रोज तीच बाराखडी, डोळं काय मिटून बसायचं?

मग तो दगड, मावशी?

त्यांनी डाळ ढवळली.

"पयला त्योच वाचला."