निळ्या रेघेचं टोक

बंगळूर, १२ जानेवारी १९८७

ती. आश्रुबाकाका यांस,
शि. सा. न. वि. वि.

मी पगार कशाचा घेतो, असं तुम्ही विचारलंत. मी रेडिओ दुरुस्त करतो अशी गावात बोलवा आहे, पण आईचा रेडिओसुद्धा माझ्याच्यानं दुरुस्त झालेला नाही. मी नुसत्या रेघा ओढतो. सोबत अशा रेघांचा एक जुना नकाशा पाठवतोय. हे सगळं नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर, म्हणजे चिपवर बसतं. हिरव्या पट्ट्यावरून लाल रेघ गेली की तिथं ट्रान्झिस्टर होतो, म्हणजे विजेचा व्हॉल्व्ह. निळ्या रेघा धातूच्या. काळा ठिपका असेल तिथंच वरची रेघ खालचीला जोडली जाते. या जुन्यावरून मी नवा नकाशा काढतोय. महिन्याभरात त्यावरून मास्क, म्हणजे छापायचे साचे बनतील. ही माझी पहिलीच चिप. चालली तर नोकरी पक्की.

काकूंना नमस्कार. तुमची माया आहेच, ती कमी करू नका.

तुमचा गहिनीनाथ

नांदूरघाट, २ फेब्रुवारी

चि. गहिनीनाथास अनेक आशीर्वाद.

विहिरीनं तळ गाठला. सोसायटीचं पाणी आठवड्यातून एकदा सुटतं, आणि चेअरमन म्हणून शिव्या मात्र मी रोज खातो. पाइपाच्या टोकाशी बसून पाणी पोचलं का बघायचं, एवढीच माझी विद्या. तुझा नकाशा ओसरीवर अंथरून तीन दिवस रांगलो. या वयात लई शोभतंय, असं तुझी काकू म्हणाली.

खाली उजव्या कोपऱ्यात एक निळी रेघ लाल रेघेवर येऊन थांबते. तिथं काळा ठिपका न्हाई. मग पुढं वीज कशी जाणार? अडाण्याचा प्रश्न हाय, हसू नको.

खुशाली कळवत जा, जीव लागून राहतो.

आश्रुबा

बंगळूर, ९ जून

ती. काका यांस,
शि. सा. न. वि. वि.

हसलो. तुमचं पत्र कँटीनमध्ये वाचून दाखवलं आणि आणखी चौघांना हसवलं. नकाशा उघडून बघायची तसदी घेतली नाही, इंजिनिअर ना मी. गेल्या आठवड्यात चिपा आल्या. एकही चालेना. चार दिवस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलो, मग तुमचं पत्र काढलं. तोच कोपरा निघाला. जुन्या नकाशातली चूक मी नव्यात जशीच्या तशी उतरवली होती.

साहेबांसमोर पत्र ठेवलं. चूक माझी, आणि काकांनी ती फेब्रुवारीतच दाखवली होती, असं सांगितलं. हे काका कुठले इंजिनिअर, असं त्यांनी विचारलं. पाणी सोसायटीचे चेअरमन, असं म्हणालो. ते हसले नाहीत. आणखी एक संधी दिली, शेवटची.

काका, मला फार लाज वाटली. साहेबांच्या परवानगीनं दुरुस्त नकाशा रजिस्टरनं पाठवलाय. तुमचं उत्तर येईपर्यंत मास्कचं काम थांबवलंय.

रागवा, पण दूर लोटू नका.

तुमचा गहिनीनाथ