मनात धरलेला शब्द

जामखेड
३ डिसेंबर १९७२

तीर्थरूप तात्यांच्या चरणी पुष्पावतीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचं कार्ड परवा मिळालं. माझ्या 'नाईट'मधलं एकही अक्षर तुमच्या शब्दात नाही हे वाचून कपाळाला हात लावला. शेजारच्या मुमताजनं विचारलं, तुमचे वडील कार्डावर इंग्रजी काय लिहितात? तिला सगळा खेळ समजावला. एकानं पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द मनात धरायचा, अक्षर पुन्हा आलेलं चालणार नाही. दुसऱ्यानं तसेच शब्द विचारत जायचं, आणि पहिल्यानं किती अक्षरं जुळली तेवढंच सांगायचं. शब्द कुठंही लिहून ठेवायचा नाही. ती म्हणाली, मग कुणी खोटं बोललं तर कळणार कसं? मी म्हटलं, आमचे तात्या मास्तर होते. नक्कल करणाऱ्या पोराला एक वेळ सोडतील, पण खेळात लबाडी करणाऱ्याला घरात घेणार नाहीत.

इकडे विहिरींनी तळ गाठलाय. हे दुष्काळी कामावर हजेरी घेतात, घरी येतात ते धुळीनं ओळखू येत नाहीत. धाकटीला गोवर आहे, पण ताप उतरलाय, काळजी नसावी. दादा-वहिनींना नमस्कार. माझा पुढचा शब्द: 'थिंग'. कृपालोभ आहेच, तो असाच राहू द्या.

तुमची,
पुष्पा

*

श्रीरामपूर
१२ डिसेंबर १९७२

चि. सौ. पुष्पावतीस तात्यांचे अनेक आशीर्वाद.

'थिंग': तीन अक्षरं जुळली. हुशार आहेस, पण अजून लांब आहेस.

प्रकृती उत्तम. तुझा दादा भीमा मला शाळेत जाऊ नका म्हणतो. साखर कारखान्यात काट्यावर उसाच्या गाड्या मोजणाऱ्याला शिकवण्यातलं काय कळतं? अकरावीचा पोर्शन मागे पडलाय आणि परीक्षा तोंडावर आली. धाकटीला जप.

तुझा,
तात्या

*

जामखेड
२० डिसेंबर १९७२

तीर्थरूप तात्यांस शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तात्या, सापडलात. पोरीच्या गोवराच्या गडबडीत मी वेंधळ्यासारखं 'नाईट'नंतर 'थिंग' विचारलं. दोन्हींतली पाच अक्षरं तीच, फक्त जागा बदललेल्या. तुम्ही एरवी कार्डभर माझी खरडपट्टी काढली असती. 'नाईट'ला शून्य आणि 'थिंग'ला तीन, हे कसं? मुमताजला दाखवलं तर ती हसून हसून बेजार झाली, म्हणाली, घ्या, मास्तरच लबाडी करायला लागले.

आणि अकरावीचा पोर्शन कुणाचा? तुम्ही निवृत्त होऊन चार वर्षं झाली. गंमत करताय ना? मला काही सुचेनासं झालंय. उलट टपाली लिहा.

तुमची,
पुष्पा

*

श्रीरामपूर
४ जानेवारी १९७३

सौ. पुष्पावन्संना रतनचा नमस्कार, वि. वि.

मामंजींच्या ऐवजी माझं पत्र पाहून घाबरू नका. तुमचं कार्ड वाचून ते जेवले नाहीत. तुम्हाला कळवायचं नाही असं ह्यांनी बजावलं होतं, पण आता लपवून काय होणार? दिवाळीपासून हे सुरू आहे. सकाळी धोतर-टोपी घालून शाळेत निघतात. शाळेतले शिपाई पुंजाराम बिचारे हाताला धरून आणून सोडतात, वर म्हणतात, मास्तर आमाला चांगलं बोलत्यात, काई तरास न्हाई. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, वयाचं आहे, वाढतच जाणार, औषध नाही.

तुमच्या कार्डानंतर ते दिवसभर शब्द शोधतात. ट्रंक उपसली, फडताळातले डबे पालथे केले. काल मला विचारलं, रतन, झाडताना केरात गेला का गं? मग हळूच म्हणाले, शब्द हरवलाय, पण मी उत्तर दिलं नाही तर पुष्पीचं कार्ड यायचं बंद होईल, म्हणून दर वेळी नवा धरतो. हे पुष्पीला सांगू नकोस म्हणाले, आणि मी सांगते आहे.

ह्यांचं म्हणणं, त्या कार्डांनीच त्यांचा जीव कष्टी होतो, तर तुम्ही खेळ बंद करावा. मला वाटतं, कार्ड थांबलं तर माणूस थांबेल. तुम्हीच ठरवा.

लोभ असावा.
रतन

*

जामखेड
९ जानेवारी १९७३

तीर्थरूप तात्यांच्या पायी पुष्पाचा नमस्कार, वि. वि.

चूक माझीच होती. त्या गडबडीत मीच कार्ड चुकीचं वाचलं, तुमचं उत्तर बरोबर होतं. मुमताजलाही तसं सांगितलं. तो डाव मी हरले.

आता शब्द मी धरते, तुम्ही ओळखा. लहानपणी मी तापानं फणफणले होते तेव्हा तुम्हीच असं केलं होतं. तू नुसती विचार, सांभाळायचं काम माझं, असं म्हणाला होतात. आता सांभाळायचं काम माझं. तुम्ही काहीही लक्षात ठेवायचं नाही. माझी उत्तरं आली की वहिनींना पत्रांच्या तारेत अडकवून ठेवायला सांगा. शब्द पक्का धरलाय, तुमच्याच मुलीनं धरलाय.

दादालाही मी लिहिलंय, खेळ चालू राहील.

तुमची,
पुष्पा

*

जामखेड
२२ फेब्रुवारी १९७३

सौ. रतनवहिनींना पुष्पाचा नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. पोस्टमनची वाट पाहत तात्या ओट्यावर बसतात, आणि उत्तर वाचून पुष्पीचा शब्द फार अवघड आहे म्हणत मान खाली घालतात, हे वाचलं आणि दुपारभर मला भाकरी थापता आल्या नाहीत. वहिनी, आजवर आलेल्या सगळ्या कार्डांवर त्यांनी एकच शब्द विचारलाय: 'चॉक', शाळेतला खडू. माझा शब्द 'हाऊस'. दोन्हींत एकच अक्षर जुळतं, म्हणून दर वेळी मी 'एक' असं खरं उत्तर दिलं. त्यांनी शिकवलं तसंच वागले. पण असल्या खरेपणाचं मी काय करू?

आज पेटीत कार्ड टाकलंय. 'चॉक'ची पाचही अक्षरं जुळली, जिंकलात, असं लिहिलंय. आयुष्यात तात्यांशी पहिल्यांदा खोटं बोलले, तेही खेळात. कार्ड वाचताना त्यांचा चेहरा कसा झाला ते मला नक्की कळवा.

तुमची,
पुष्पा

*

श्रीरामपूर
३ मार्च १९७३

चि. सौ. पुष्पावतीस तात्यांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

आज सकाळपासून डोकं स्वच्छ आहे, म्हणून लगेच लिहायला बसलो. तुझं कार्ड आलं तेव्हा मी सगळ्यांना गूळ वाटला. पुंजाराम आला होता, त्यालाही दिला. नंतर ते कार्ड तारेत अडकवायला गेलो आणि खालची कार्डं वाचली. 'चॉक': एक. 'चॉक': एक. पुन्हा 'चॉक': एक. आणि आता पाच. पोरी, तू सापडलीस.

म्हणजे मी तुला एकच शब्द विचारत राहिलो असणार. रतन काही बोलली नाही, भीमाही नाही. मी किती लांब आलोय हे मला आज त्या तारेवर दिसलं, आणि मला फार भीती वाटली. तूही तिकडे एकटी बसून भीत असशील. भिऊ नकोस.

खेळात लबाडी करणाऱ्याला मी घरात घेत नाही, हे तुला ठाऊक आहे. तुला घेतो. उन्हाळ्यात धाकटीला घेऊन ये, तेव्हा कदाचित मी तुला नावानं हाक मारणार नाही, त्याचा राग धरू नकोस. पण यापुढे खोटं उत्तर नको. खरा शब्द धर, मी ओळखीन.

मुलांना गोड पापा. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
तात्या

ता. क. नव्या डावातला माझा पहिला शब्द: 'चॉक'.