पोटमाळ्यावरच्या लेकुरवाळ्या

३ मार्च
आज शाळेत रुजू झालो. म्हणजे खरं तर शाळेच्या डोक्यावर. पोटमाळ्यात वटवाघळांची मोठी वस्ती आहे. तिची मोजदाद करायची, आवाज ध्वनिमुद्रित करायचे आणि ती जागा त्यांना राहू द्या म्हणून नगरपालिकेला पटवायचं. इतकं मनाजोगं काम आजवर मिळालं नव्हतं. झाडलोट करणाऱ्या मावशींनी शिडी धरली. वर सगळ्या लेकुरवाळ्या आहेत, हळू बोला, असं मलाच बजावलं.

९ मार्च
संध्याकाळी छपराच्या फटीतून बाहेर पडताना मोजली: चारशे बारा. यंत्रातून त्यांचा आवाज वाळक्या शेंगा हलवल्यासारखा येतो. मावशींच्या कानाला लावला, तर म्हणाल्या, आमच्या घरीही या वेळेला असाच गलका असतो.
मुख्याध्यापिका मात्र नाराज. एकाला जरी चावलं तर धुरी देऊन पोटमाळा बंद करणार, असं स्पष्ट सांगितलं त्यांनी.

१६ मार्च
सकाळी एका वर्गात वटवाघूळ जमिनीवर सरपटत होतं. भर उजेडात. मुलं यायच्या आत मावशींनी ते फडक्यात उचललं. त्यांच्या अंगठ्याला दात लागले. मी हातमोज्यांशिवायच ते घेतलं, माझ्या तर्जनीलाही लागले. दोन टिंबं, रक्तही धड नाही. दुपारी ते मेलं. रेबीजच्या तपासणीला पाठवायला हवं होतं. मी परसात पुरलं.
मावशी दवाखान्यात जाऊन लस टोचून घेऊन येते म्हणत होत्या. मी म्हटलं, तिथे कारण लिहून घेतात, मग वरच्या चारशे जणी गेल्याच समजा. त्यांनी अंगठा पदराला पुसला.
"तुम्ही शिकलेले. तुम्ही म्हणता तर काही होत नसेल."
काही होत नाही, असं म्हणालो मी.

२ एप्रिल
पालकसभा. वटवाघळांनी इथे आजवर कोणाचाही चावा घेतलेला नाही, हे वाक्य न अडखळता बोललो. टाळ्या पडल्या. मागे मावशी खुर्च्या लावत होत्या.

२१ एप्रिल
मावशी तीन दिवस आल्या नाहीत. त्यांची लेक निरोप घेऊन आली. ताप आहे, हाताला मुंग्या येतात, झोप नाही.

२३ एप्रिल
रुग्णालयात गेलो. लेकीनं पाण्याचा पेला पुढे केला, तसा मावशींच्या गळ्यात पेटका आला. पेला भिंतीवर. पंख्याच्या वाऱ्यानंही तसंच. कुत्रं-मांजर काही चावलेलं नाही, असं लेक डॉक्टरांना सांगत होती. डॉक्टरांनी मलाही विचारलं, तुम्हाला काही ठाऊक आहे का. उद्या नगरपालिकेची बैठक. मी नाही म्हणालो.
मावशी शुद्धीत होत्या. बोलल्या नाहीत. फक्त बघत होत्या.

२४ एप्रिल
ठराव मंजूर. पोटमाळा कायमचा राखीव. मुख्याध्यापिकांनी अभिनंदन केलं.
दुपारी मावशी गेल्या.

२५ एप्रिल
दवाखान्याच्या दारात तासभर उभा होतो. आज हो म्हटलं, तर परवा नाही का म्हणालात, असं विचारतील. परत आलो.

२७ एप्रिल
तर्जनीत मुंग्या. मनाचे खेळ असतील. खिडकी लावून घेतली. वारा लागला की—

२८ एप्रिल
पेला ओठांपर्यंत नेला. गळा— तहानेनं जीव चाललाय, आणि पाण्याकडे बघवत नाही—

२९ एप्रिल
आता टोचून उपयोग नाही. कोणीतरी दार वाजवलं. हाक मारायला गेलो, नुसती घरघर.
लेक— तिनं आईला भरवलं. उघड्या हातांनी. करंगळीला आईचे दात लागल्याचं तिनं मला रुग्णालयात दाखवलं होतं. मी बघितलं आणि— गप्प—
तिला अजून वेळ आहे. हे जो वाचेल त्यानं आधी तिला टोचायला न्या. शाळेच्या मागची गल्ली. डावीकडे तिसरं दार— नाही, उजवी—