खोडलेला क्ष

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र परवा मिळालं. बाबांनी डाव्या हातात धरून वाचलं आणि खिडकीत जाऊन बसले. मनगटाचं प्लास्टर निघालंय, पण करवत पुन्हा धरायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. लोकांच्या फोटोंना चौकटी करण्यात हयात गेली, त्या माणसाला रिकामं बसवत नाही गं. दिवसभर माझं डोकं खातात.

सुट्टीत तू मला बीजगणित शिकायला बसवलंस, आठवतं? क्षचा वर्ग बरोबर सात क्ष. मी मोठ्या ऐटीत दोन्ही बाजूंचा क्ष खोडला आणि उत्तर सात म्हणून मोकळी झाले. तू कपाळावर हात मारलास. असं खोडलं की शून्य हे दुसरं उत्तर हातचं जातं. आधी सगळं एका बाजूला आण, मग अवयव पाड, म्हणालीस. मास्तरीण शोभतेस हो!

मागच्या आठवड्यात एक चित्रकार बाई चौकट करून घ्यायला आल्या. चित्र तीस सेंटिमीटर लांब, वीस रुंद. भोवती सगळीकडून सारखी कागदी किनार हवी, आणि किनारीचं क्षेत्रफळ नेमकं चित्राएवढं! बाबा असली कामं अंदाजाने करायचे, पण बाई पट्टी घेऊन मोजणाऱ्या. मी किनारीची रुंदी क्ष धरली. क्षचा वर्ग अधिक पंचवीस क्ष वजा दीडशे बरोबर शून्य. अवयव पाडले तर उत्तरं दोन, पाच आणि उणे तीस. उणे तीसची किनार कापायला कात्री कुठून आणू? पाचची कापली. चौकटीचं लाकूडही मीच कापलं. पहिला कोपरा उघडा राहिला, बाबा डोक्यावर उभे राहून ओरडले, लाकडाची नवी पट्टी घ्यायला लावली. मग चारही कोपरे बसले आणि बाबा हसले, कितीतरी दिवसांनी. बाई आणखी चित्रं देऊन गेल्यात.

आता तुझ्या पत्राचं. एक तर दुकान बंद करा, नाही तर मी कॉलेज सोडून येते, असं लिहिलंस. वाचून आधी रडले, मग रागावले. अगं, मला शिकवलेलं स्वतःच विसरलीस? हिशेब मांडताना आईलाच दोन्ही बाजूंनी खोडून टाकलंस आणि एक उत्तर घालवलंस. ते उत्तर इथे करवत घेऊन उभं आहे. सामान बांधलं असशील तर सोड. परीक्षा दे आणि सुट्टीतच ये. तिसऱ्या घाताची समीकरणं माझी शिकायची राहिलीत.

तुझीच हट्टी विद्यार्थिनी,
आई